प्रोग्रामरचे गाऱ्हाणे



या व्यासपीठावरून आपण आजवर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, आरोग्य अशा विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मालिकेत आजचा विषय थोडा विजोड वाटण्याचा संभव आहे. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका आली असेल. गिरणीतला कामगार आठ तास उभा राहतो, शेतकरी उन्हात राबतो, परिचारिका रात्रीच्या रात्री जागते. त्यांनी गाऱ्हाणे मांडले तर ते समजण्यासारखे आहे. पण थंडगार खोलीत मऊ खुर्चीवर बसून, पडद्यापुढे बोटे चालवून, वर चांगले वेतन घेणाऱ्या माणसाला कसले आले आहे गाऱ्हाणे?

ही शंका रास्त आहे आणि मी ती आरंभीच मान्य करून टाकतो. या धंद्यात मी पंचवीसांहून अधिक वर्षे काढली. अंगमेहनतीच्या हिशेबाने आमचे काम सुखाचे आहे, आणि आपली कीव मिळवावी म्हणून मी येथे उभा नाही. परंतु चार अनुभवी प्रोग्रामर एकत्र जमले म्हणजे ते ज्या तक्रारी करतात त्या पगाराच्या क्वचितच असतात. काम नीट करू दिले जात नाही, ही त्यांची खरी तक्रार असते. आता, हे काम म्हणजे काही आमच्या घरचे कार्य नव्हे. तुमचे पासबुक, तुमचे विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, मुलांचे निकाल, निवृत्तिवेतन हे सारे त्या कामावर चालते. ते नीट होऊ दिले जात नसेल तर तो प्रश्न करणाऱ्यापुरता राहत नाही. म्हणून हे गाऱ्हाणे आपल्यापुढे मांडण्याचे धाडस मी करीत आहे.

प्रथम हे काम असते तरी काय, ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी, की प्रोग्रामर यंत्राच्या भाषेत काहीतरी लिहितो, आणि जितके अधिक लिहील तितके अधिक काम झाले. ही समजूत कशी अपुरी आहे, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे बँकेत खाते असेल आणि त्याला नॉमिनी लावलेला असेल. पूर्वी ठेवीला एकच नॉमिनी लावता येत असे. बँकिंग कायद्यांत २०२५ साली सुधारणा झाली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावण्याची सोय झाली. सोय चांगली आहे. कायद्याच्या पुस्तकात ती थोडक्या कलमांत मावते. बँकेतल्या साहेबांना वाटते, पडद्यावर एक रकाना आहे, तेथे चार करावयाचे. उद्या दुपारपर्यंत व्हायला हरकत नाही.

प्रोग्रामर मात्र विचारात पडतो. ठेवीच्या बाबतीत कायदा दोन रीती सांगतो. चौघांना एकाच वेळी ठरावीक वाटे द्यावेत, ही एक. पहिला हयात नसेल तर दुसऱ्याला, तोही नसेल तर तिसऱ्याला, अशा क्रमाने द्यावे, ही दुसरी. लॉकरच्या बाबतीत मात्र केवळ क्रमाचीच रीत लागू. म्हणजे एका रकान्याचे चार झाले एवढ्यावर भागत नाही. दोन निराळे व्यवहार उत्पन्न झाले. वाट्यांची बेरीज शंभर टक्के भरली पाहिजे. मग तीन मुलांना सारखा वाटा देऊ पाहणाऱ्या गृहस्थाने ३३.३३ तीनदा लिहिले तर बेरीज ९९.९९ होते, तो अर्ज स्वीकारावा की परत करावा? नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या पालकाचे नाव हवे. ते आता चार ठिकाणी घ्यावे लागेल. जुन्या खात्यांवरचा एकुलता नॉमिनी नव्या पद्धतीत कोणत्या रीतीत बसवावा? पासबुकावर एकाच नावापुरती जागा आहे. मुख्य कचेरीकडे जाणारा तक्ता, ठेवीदार वारल्यावर निघणारे पत्र, वर्षाअखेरची तपासणी, या सर्वांनी ‘नॉमिनी एकच’ असे मनाशी धरलेले असते. आणि ते कोठे कोठे धरलेले आहे, हे कोणत्याही एका कागदावर लिहिलेले नसते.

बँकेतला जाणता कारकून अशी अडचण आली की पेन खाली ठेवून वरिष्ठांना विचारतो. यंत्र विचारत नाही. त्याला जे सांगितले तेच ते करते, आणि जे सांगावयाचे राहून गेले तेथे काहीतरी भलतेच करून मोकळे होते. तेव्हा प्रोग्रामरच्या कामाचा मोठा भाग लिहिण्याच्या आधीचा असतो. विचारणे, शोधणे, ताडून पाहणे आणि व्यवहार समजून घेणे हा तो भाग. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पेटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात हा विचार फार स्पष्टपणे मांडला. प्रोग्रामचा मजकूर ही दुय्यम गोष्ट. तो ज्यांनी रचला त्यांच्या मनात त्या व्यवहाराची जी उपपत्ती तयार झालेली असते ती मुख्य, असे त्यांचे म्हणणे. ती माणसे पांगली म्हणजे मजकूर शाबूत राहतो, पण त्यात शहाणपणाने फेरफार करण्याची शक्ती निघून जाते.

श्रोतेहो, एवढे ध्यानात घेतले तर आमची बहुतेक गाऱ्हाणी आपल्याला आपोआप उमजतील. कारण आमच्या कचेऱ्यांची सारी व्यवस्था, काम म्हणजे मजकूर, या समजुतीवर उभारलेली आहे. आणि प्रत्यक्ष काम समजून घेण्याचे आहे. या दोहोंचे दररोज घर्षण होते.

पहिले गाऱ्हाणे अंदाजाचे. ‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न आम्हांला रोज विचारला जातो. तो विचारणे चूक नव्हे. सुताराला विचारतात, शिंप्याला विचारतात, आम्हांला का विचारू नये? परंतु सुताराने तसली कपाटे शंभर केलेली असतात. आमच्याकडे तंतोतंत पूर्वीसारखे काम बहुधा नसतेच. कारण पूर्वीचे काम असेल तर ते नक्कल करून फुकट मिळते. तेव्हा नवा भाग किती खोल आहे, हे उतरल्याशिवाय कळत नाही. अनुभवी माणूस म्हणून सांगतो, ‘सुमारे सहा आठवडे, पण पहिले दोन गेल्यावर नक्की सांगेन.’ वरपर्यंत जाता जाता यातले ‘सुमारे’ गळते, ‘पण’ गळते आणि सहा आठवडे ही शपथ होऊन बसते. मागाहून ती घासाघीस करून चारवर आणतात. भाजीच्या दरात घासाघीस केली तर भाजीवाला दोन पैसे कमी घेतो. अंदाजात घासाघीस केल्याने काम लहान होत नाही.

मग मुदत टळू लागली म्हणजे एक हमखास उपाय निघतो, तो आणखी माणसे लावण्याचा. आय. बी. एम. कंपनीच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचे काम १९६० नंतरच्या दशकात फ्रेड ब्रूक्स यांच्या देखरेखीखाली चालले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला प्रसिद्ध निष्कर्ष असा, की रेंगाळलेल्या प्रोग्रामवर नवी माणसे घातली की तो अधिकच रेंगाळतो. याचे कारण साधे गणित आहे. पाच माणसांत आपापसांत समजून घेण्याच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. आणि पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. शिवाय नव्या माणसांना शिकवावयाचे ते जुन्यांनीच, म्हणजे ज्यांना काम येते त्यांचे काम थांबते. हा ग्रंथ निघून पन्नास वर्षे होऊन गेली. पुष्कळ व्यवस्थापकांच्या फडताळात तो असतो. तरीही काम लांबले की दुसऱ्या सोमवारी पाच नवी मुले दारात उभी असतात, आणि ज्या अनुभवी माणसावर सारी भिस्त असते तो त्यांची शिकवणी घेत बसतो.

दुसरे गाऱ्हाणे व्यत्ययाचे. जुन्या पेढीवर मुनीम लांबलचक खतावणीची बेरीज करीत असला म्हणजे त्याच्याशी कोणी बोलत नसे. अध्येमध्ये कोणी हाक मारली तर हातचा सुटे आणि बेरीज पुन्हा वरून सुरू करावी लागे. आमच्या कामात असे दहा-वीस हातचे एकाच वेळी मनात धरावे लागतात. ते जुळवायला घटकाभर लागते, आणि मोडायला ‘एक मिनिट आहे का?’ एवढे चार शब्द पुरतात. सकाळी उभ्याने घ्यावयाची सभा, तिचा वृत्तांत सांगणारी दुसरी सभा, तासातासाला टुणटुण वाजणारे निरोप, आणि संध्याकाळी ‘आज काय केलेत?’ हे भरावयाचा तक्ता! त्या तक्त्यात ‘विचार केला’ असे लिहिण्याची सोय नसते.

पुण्यामुंबईच्या माणसाला यात घड्याळाची भर पडते. ज्यांचे काम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी आहे त्यांची गोष्ट घ्या. सान फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा होतात. हिंजवडीहून साडेसातला निघून, रहदारीतून वाट काढीत नऊला घरी पोचलेला माणूस दोन घास खातो आणि पुन्हा पडद्यापुढे बसतो. शेजारच्या खोलीत मुले निजलेली असतात, म्हणून तो हळू आवाजात बोलतो. पलीकडचा म्हणतो, ‘ऐकू येत नाही, मोठ्याने बोला.’ आपल्यापैकी ज्यांची मुले-सुना या धंद्यात आहेत त्यांना हे चित्र परके नसेल.

तिसरे गाऱ्हाणे दुरुस्तीचे, आणि माझ्या मते हे सर्वांत गंभीर आहे. घर बांधणाऱ्याचे नाव पाटीवर लागते, गळके कौल बदलणाऱ्याचे लागत नाही. प्रोग्रामच्या जगात तर नव्या कामाचा सोहळा होतो, केक कापतात, फोटो निघतात. जुने काम सांभाळणे ही शिक्षा समजतात. वस्तुतः आमच्या धंद्यात जुने काम सांभाळणे हेच मुख्य काम आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मेयर लेमन यांनी १९७४ च्या सुमारास दोन नियम सांगितले. वापरात असलेला प्रोग्राम सतत बदलत ठेवावा लागतो, नाहीतर तो हळूहळू निरुपयोगी होतो. आणि बदलता बदलता त्याची गुंतागुंत वाढत जाते, ती कमी करण्यासाठी मुद्दाम वेगळे कष्ट घ्यावे लागतात. करांचे दर बदलतात, कायदे बदलतात, यंत्रे बदलतात. नॉमिनी एकाचे चार होतात. प्रत्येक वेळी घाईघाईने एक ठिगळ लागते.

अशा ठिगळांना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली कर्जाची उपमा दिली, आणि ती आता आमच्या धंद्यात रूढ झाली आहे. घाईने केलेले काम म्हणजे उचललेले कर्ज. ते वेळेवर फेडले तर हरकत नाही, परंतु न फेडल्यास पुढच्या प्रत्येक कामावर त्याचे व्याज भरावे लागते. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही; सावकाराची वही त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. फरक एवढाच, की शेतकऱ्याला कर्ज आपल्या नावावर असल्याचे ठाऊक असे. येथे कर्ज काढणारा बढती घेऊन दुसरीकडे जातो आणि व्याज भरणारा निराळाच असतो. मी एका कचेरीत तीन वर्षे सांगत होतो, की हिशेबाचा अमुक भाग कोणालाच पुरता कळत नाही, तो महिनाभर बसून नीट करू या. उत्तर ठरलेले असे: ‘चालते आहे ना? मग हात कशाला लावता?’

चालते आहे, म्हणून हात न लावलेल्या जागेत काय दडलेले असते, याचा दाखला देतो. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नाइट कॅपिटल नावाची एक मातबर दलाली संस्था होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिचा नवा प्रोग्राम चालू व्हावयाचा होता. तो आठ यंत्रांवर बसवावयाचा होता. सातांवर बसला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्या यंत्रात २००३ पासून वापरात नसलेला, पण कोणी काढून न टाकलेला एक जुना भाग पडून होता. नव्या कामासाठी जी खूण घेतली होती ती पूर्वी त्या जुन्या भागाला चालू करण्यासाठी असे. बाजार उघडला, खूण झाली, आणि तो जुना भाग जागा होऊन भराभर सौदे करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत संस्थेला ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी खुद्द यंत्रानेच कर्मचाऱ्यांना चूक दर्शवणारी ९७ पत्रे पाठवली होती. तसली पत्रे इशारा म्हणून वाचण्याची रीत तेथे नव्हती. अडगळ काढून टाकण्याचे काम कोणाचेच नव्हते, पत्रे वाचण्याचेही कोणाचे नव्हते.

यातूनच चौथे गाऱ्हाणे निघते. संकट टाळणाऱ्याला कोणी ओळखत नाही, आणि इशारा देणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना १९९९ साल आठवत असेल. जुन्या प्रोग्रामांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत असत. २००० साल लागताच यंत्रे ते १९०० समजतील, अशी धास्ती होती. जगभर लाखो जुने प्रोग्राम ओळीन्‌ओळ तपासले गेले. त्या कामात आपल्याकडचे असंख्य तरुण होते. भारतातल्या सॉफ्टवेअर धंद्याला त्यामुळे मोठा हात मिळाला. १ जानेवारी उजाडला आणि फारसे काही बिघडले नाही. लगेच लोक म्हणू लागले, ‘उगीच बाऊ केला होता!’ पावसाळ्यापूर्वी नाले साफ केले आणि गावात पाणी शिरले नाही, तर सफाई कामगारांचा सत्कार केल्याचे कोणी ऐकले आहे काय? पाणी शिरले म्हणजे मात्र बादल्या घेऊन धावणाऱ्याचा फोटो छापून येतो. आमच्या कचेऱ्यांतही रात्रभर जागून आग विझवणारा शूर ठरतो, आणि आग लागूच न देणारा माणूस ‘याला काय काम असते?’ या प्रश्नाचा विषय होतो.

येथवर मी कचेरीतल्या कुरबुरी सांगितल्या, असे आपण म्हणाल. पण इशारे दाबून टाकण्याची सवय जेथे जडते तेथे शेवटी कोणाचा बळी जातो, ते इंग्लंडच्या टपाल खात्याच्या गोष्टीवरून दिसते. १९९९ पासून तेथे ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसवण्यात आली. या कचेऱ्या चालवणारे उपडाकपाल म्हणजे आपल्याकडच्या दुकानदारासारखी साधी, गावात मान असलेली माणसे. यंत्राच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनी भरावयाची होती. कोणी दागिने विकले, कोणी घर गहाण टाकले. फोन करून विचारले तर ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच’ असे उत्तर पुष्कळांना मिळाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असले गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले. न्यायालयात यंत्र बरोबर चालत होते असे गृहीत धरले जाई. ते बिघडले होते हे दाखवण्याची जबाबदारी त्या बिचाऱ्यांवर येई. ज्याला यंत्राच्या आत डोकावण्याचीही मुभा नाही त्याने ते कसे दाखवावे?

आणि इकडे प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांपाशी दोषांची नोंदवही होती! दोष माहीत होते, त्यांवर लिहिलेले होते. पण ते ज्ञान त्या खोलीतून न्यायालयापर्यंत पोचले नाही. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निर्णय दिला, आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालात नमूद आहे, की या छळापायी किमान १३ जणांनी जीव दिला असावा. श्रोतेहो, तंत्रज्ञाचे ‘येथे काहीतरी चुकते आहे’ हे वाक्य कचेरीत कुरकुर म्हणून बाजूला सारले जाते, तेव्हा ते वाक्य कोठवर जाऊन कोणाला भोवते याचा हा हिशेब आहे.

आता सर्वांत ताजे गाऱ्हाणे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मराठीत किंवा इंग्रजीत सांगावे, आणि त्यांनी क्षणात पाचशे ओळींचा प्रोग्राम लिहून द्यावा. ही साधने खरोखर विलक्षण आहेत, मी स्वतः ती वापरतो, आणि त्यांची टवाळी करणारांपैकी मी नाही. परंतु काम म्हणजे मजकूर, ही जुनी समजूत त्यांनी अधिक बळकट केली. मजकूर आता पाण्यासारखा वाहतो. समजणारी माणसे तेवढीच आहेत. जो मजकूर कोणीच मनात रचला नाही, तो वाचून ‘हा बरोबर आहे’ अशी सही करण्याचे काम अनुभवी माणसाकडे येते. तरुण सहकाऱ्याला ‘हे असे का केलेस?’ असे विचारले, तर तो काहीतरी कारण सांगे आणि त्यातून दोघेही शिकत. आता तो निरागसपणे म्हणतो, ‘यंत्राने दिले.’

२०२५ साली अमेरिकेतील मीटर नावाच्या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामर घेऊन एक प्रयोग केला. त्यांच्याच परिचयाच्या प्रोग्रामांवरील २४६ कामे निवडली. काहींत या साधनांची मुभा होती, काहींत नव्हती. साधनांमुळे आपले काम २० टक्के लवकर झाले, असे त्या लोकांना वाटले. घड्याळ पाहिले तर १९ टक्के अधिक वेळ लागला होता. प्रयोग लहान होता आणि साधने झपाट्याने बदलत आहेत, तेव्हा यावरून कायमचा सिद्धांत काढू नये. पण लिहिणे लवकर झाले म्हणजे काम लवकर झाले, हा भास किती बलवत्तर असतो, एवढे तरी त्यावरून कळते.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असा आरोप आमच्यावर येईल. आमच्या जातभाईंचे दोष थोडे नाहीत. पूर्वीच्याने केलेले काम पाहून नाक मुरडणे हा आमच्याकडचा कुलाचार आहे. ते काम त्याने कोणत्या घाईत, कोणाच्या हुकमाने केले याची चौकशी कोणी करीत नाही. दर दोन वर्षांनी नव्या साधनाचे वेड लागते आणि चालती गाडी मोडून नवी जोडण्याचा मोह होतो. साध्या माणसाला समजेल अशा भाषेत बोलण्याचा कंटाळा येतो, मग साहेब समजून घेत नाहीत म्हणून तक्रार! आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे मौन. ‘मी सांगितले होते’ असे मागाहून म्हणणारे पुष्कळ असतात; सभेत उभे राहून, कागदावर लिहून, सहीनिशी सांगणारे थोडे. ज्याला आपल्या कामाचे महत्त्व पटवून द्यावयाचे आहे त्याने ते लोकांच्या भाषेत सांगण्याचे कष्टही घेतले पाहिजेत.

मग आपण नागरिकांनी काय करावे? या सभागृहात सहकारी बँकांचे संचालक असतील, शिक्षणसंस्थांचे चालक असतील, नगरपालिकेतले अधिकारी असतील. त्यांना माझी तीन सूचनांची विनंती आहे. प्रणाली विकत घेताना केवळ किंमत आणि तारीख पाहू नका. पाच वर्षांनी ती समजणारा माणूस कोण असेल, आणि दुरुस्तीसाठी दरसाल किती रक्कम राखून ठेवली आहे, हे करारात लिहून घ्या. दुसरे, आपल्या कचेरीतला जो सर्वांत जुना, सर्व अपवाद तोंडपाठ असलेला कारकून आहे त्याला आठ दिवस प्रोग्रामरच्या शेजारी बसवा. आठ दिवस वाया गेले असे वाटेल, पण पुढचे आठ महिने वाचतील. तिसरे, आणि हे सर्वांसाठीच आहे: यंत्राचा हिशेब आणि माणसाचे बोलणे यांत फरक पडला तर माणसाला चोर ठरवण्याआधी यंत्र तपासा. ‘कॉम्प्युटर चुकत नाही’ हे वाक्य आपण खिडकीवर सहज ऐकून घेतो. त्या वाक्याला ‘तपासून लेखी द्या’ असे नम्रपणे उत्तर द्यावयास शिकले पाहिजे.

आणि ज्यांच्या घरात मुलगा, मुलगी, सून किंवा जावई या धंद्यात आहे त्यांना एवढेच सांगेन, की रात्री साडेदहाला सभा आटोपून तो माणूस गप्प बसला असेल, तर ‘एवढा पगार मिळतो, मग तोंड का पाडून बसलास?’ असे विचारू नका. ‘आज कोठे अडले होते?’ असे विचारा. तो जे सांगेल ते सगळे समजणार नाही, त्याची आवश्यकताही नाही. पण आपले काम घरच्या मंडळींना समजेल अशा शब्दांत त्याला सांगावे लागेल, आणि ज्याला ते घरात सांगता आले त्याला पुढे साहेबांच्या खोलीतही सांगता येईल.